आठवा बोल्ट

मी एक जुनी चाचणी-गाडी आहे. मित्रांनो, बाजारात आलेल्या माझ्या धाकट्या बहिणी तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील, लाल, निळ्या, चकचकीत. मला रंग कधी मिळालाच नाही. कुणी चोरून फोटो काढला तरी आकार कळू नये म्हणून माझ्या अंगावर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवला होता. तो आता कोपऱ्यांतून सुटला आहे. जपानमधल्या तोचिगीच्या कारखान्यातल्या या शेडमध्ये उभी राहून टायर चपटे झाले. खरं सांगते, मी थकले आहे.

माझ्याआधी सहा जणी झाल्या. काम संपलं की प्रत्येकीला दाबयंत्रात घातलं. चाचणीच्या गाड्यांचं असंच होतं, त्यात कुणाचा राग नसतो. मी सातवी. होक्काइदोच्या बर्फात मला इतकं पळवलं की दारं गोठून उघडेनात. उन्हाळ्यात ब्रेक लालबुंद होईपर्यंत दाबले. साडेतीन सेकंदांत मी शंभराचा वेग गाठायचे, तरी साहेबांचं समाधान नाही. चाचणी-चालक कुनिमोतो दर फेरीनंतर टपावर थाप मारायचा. "काय म्हातारे, दमलीस? मीपण दमलोय. चल, आणखी एक!" तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांची होते.

माझं इंजिन एकाच माणसाने हाताने जोडलं. इथली पद्धतच तशी आहे. जो इंजिन जोडतो, त्याच्या नावाची छोटी पट्टी इंजिनावर बसते. माझ्यावर उशिगोमे-सानचं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत उशिगोमेरावांचं, नाव होतं. चाळीस वर्षं नोकरी करून ते मार्चअखेर निवृत्त होणार होते. मी त्यांचं शेवटचं इंजिन घेऊन शेवटच्या वेगचाचणीला जाणार होते.

बोल्ट पिळला की पिळणारा त्यावर पांढरी खूण करतो. मग दुसरा माणूस बोल्टला हात लावतो, बोट दाखवून मोठ्याने "बरोबर!" म्हणतो आणि लाल खूण करतो. उशिगोमे-सान तेलाच्या झाकणाचे आठ बोल्ट पिळत होते. सात झाले, तेवढ्यात निरोपाच्या फोटोसाठी बोलावणं आलं. साहेब दारात उभे. घाईघाईत उशिगोमे-साननी आठवा न पिळताच आठही बोल्टांवर पांढऱ्या खुणा केल्या आणि ते गेले.

तपासायला आली माएझावा, त्यांची लाडकी शिष्या. तिने बोट दाखवलं, आठ वेळा "बरोबर!" म्हणाली, आठ लाल खुणा केल्या. हात मात्र एकालाही लावला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण गाडीला तोंड कुठे असतं?

दुसऱ्या दिवशी दोनशे ऐंशीच्या वेगात तेल मागच्या चाकाखाली आलं. मी गरगर फिरले आणि कडेच्या टायरांच्या भिंतीवर आदळले. कुनिमोतोचा खांदा मोडला.

मला ओढून आणल्यावर उशिगोमे-साननी आठव्या बोल्टला बोट लावलं. तो बोटाने फिरला.

"चूक माझी आहे," माएझावा रडत म्हणाली. "मी हात लावला नव्हता."

"का गं?"

"तुमचं काम मी तपासायचं? तुम्हाला काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत विसरलो असतो. आता कुनिमोतोचा खांदा कसा विसरू, सांग!"

त्यांनी स्वतःच्या हाताने नावाची पट्टी काढून खिशात टाकली. "हिला दाबू नका," ते साहेबांना म्हणाले. "बोल्ट असाच ढिला ठेवा. नवीन पोरांना दाखवा." मग माएझावाकडे वळले. "एखादा न घाबरता तुझ्या कामाला हात लावेल ना, तेव्हा मला बोलाव."

कुनिमोतो बरा झाला, बहिणी रस्त्यावर धावू लागल्या, त्यांचं कौतुक झालं. माझ्याकडे फक्त एप्रिलमध्ये, नवी भरती झाली की, माणसं येत. माएझावा नव्या लोकांना सांगायची, "मी तपासलंय. तुम्ही नुसत्या लाल खुणा करा." तेही वाकून नमस्कार करत आणि खुणा करत. मग ती त्यांच्यासमोर आठवा बोल्ट बोटाने फिरवायची. अशी अकरा वर्षं गेली. लाल रंगाचे थरावर थर चढले. मी कंटाळले होते.

यंदा तोकोरो नावाची एक मुलगी आली. ब्रश हातात घेऊन नुसतीच उभी राहिली.

"कर ना खूण," माएझावा म्हणाली.

"माफ करा हं. खरंच माफ करा." कान लाल झाले तिचे. "पण मी आधी हात लावते."

बोल्ट फिरला. तोकोरो घाबरून पांढरी पडली. माएझावा डोळे पुसत फोनकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी उशिगोमे-सान काठी टेकत आले. आठवा बोल्ट त्यांनी पिळला, पांढरी खूण केली आणि बाजूला सरून ते तोकोरोला म्हणाले, "बघ गं पोरी. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

मित्रांनो, मी आता पुन्हा धावणार नाही. एवढंच मागते, ज्यांना तुम्ही फार मानता, त्यांच्या कामालाही हात लावून बघा. त्यांना राग आला तर येऊ द्या.

तोकोरोने दोन्ही हातांनी जोर लावला. बोल्ट हलला नाही. "बरोबर!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की माझी काच थरथरली. मग उशिगोमे-साननी खिशातून आपल्या नावाची ती पट्टी काढली.