लतिकाआजींचा ळ

मित्रांनो, मोबाइलच्या जातीत सहा वर्षं झाली की पिकलं पानच. मी असाच एक जुना मोबाइल आहे. काचेला एक तडा, पाठीवर चार ओरखडे.

कारखान्यात शेकडो भावंडांबरोबर माझा जन्म झाला. दुकानातून मी यशोधनच्या खिशात आलो. त्याने नवा फोन घेतला, तेव्हा मला त्याच्या आईच्या, लतिकाआजींच्या हाती दिलं. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

दिल्लीच्या द्वारकेत नव्या इमारती उभ्या राहत होत्या, रस्त्यांवर माणसांपेक्षा वाळूचे ट्रक जास्त होते, तेव्हा आजी पुण्याहून इथे आल्या. बाहेर भाजीवाल्याशी हिंदी बोलल्या, पण घरातली मराठीची गोडी त्यांनी कमी होऊ दिली नाही. पोळ्या लाटता लाटता त्यांना ओवी सुचायची. पीठ लागलेलं बोट पदराला पुसून त्या ती माझ्यावर टिपायच्या. किती हलकं बोट ते! झोपलेल्या लेकराचं कपाळ चाचपावं तसं.

यंदा त्यांच्या लेकीला, मयुराला मुलगी झाली. रविवारी बारसं ठरलं. आजींनी स्वतः पाळणा रचायला घेतला. दिल्लीत वाढलेल्या मुलींना पाळणा पाठ नसतो. तेव्हा आजी तो सगळ्यांना पाठवणार आणि सगळ्या आपापल्या फोनवर बघून म्हणणार, असं ठरलं.

त्याच आठवड्यात यशोधनने ऑफिसला निघता निघता माझं अपडेट दाबलं. "आई, फोन एकदम नवा होईल बघ!" म्हणाला आणि गेला.

मी मिटलो, उघडलो, तर माझं मलाच ओळखू येईना. अक्षरं मुंगीएवढी, चित्रं इकडची तिकडे, घंटी परकी.

"अगं बाई! माझी मांडणी कुणी आवरून गेलं की काय?" आजी म्हणाल्या. "हळदीच्या डब्यात मोहरी!" मग माझ्यावरूनच त्यांनी लेकाला फोन लावला. "यशोधन, अक्षरं तेवढी मोठी करून दे रे."

"संध्याकाळी बघतो, आई. पक्का."

"तुझी संध्याकाळ अमेरिकेच्या घड्याळाने होते, राजा."

आणि खरंच, ती संध्याकाळ झालीच नाही. आजी मात्र हटल्या नाहीत. चष्मा कपाळावर चढवून, मला नाकाशी धरून त्यांनी पाळणा लिहिला:

निळ्या गं आभाळात, विमानाचा खुळखुळा,
माझ्या गं बाळाचा, मिटला बाई डोळा.

पण माझा कीबोर्ड आता हिंदी झाला होता, आणि शब्द आपोआप सुधारायची खोड मला लागली होती. आजी चिकाटीने ळ लिहायच्या, माझ्या काचेवर त्याचा ल व्हायचा. बारीक अक्षरांत त्यांना ते दिसलं नाही. पाळणा तसाच गेला.

शनिवारी तालमीला सगळ्या जमल्या. यशोधनची नऊ वर्षांची लेक वल्लरी मोठ्याने वाचू लागली, "निल्या गं आभालात... माझ्या गं बालाचा..." ती थांबली. "आजी, बाल म्हणजे केस ना? केसाला डोला कसा, यार?"

हशा पिकला. आजीही हसल्या. मग मला हातात घेऊन बघत राहिल्या.

"राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "हिंदीतलं एखादं छानसं म्हणा. माझं आता कुणाला कळायचं?"

माझा आवाज माझा असता तर मी ओरडलो असतो!

हसायचं थांबून वल्लरी त्यांच्याजवळ सरकली. "पण तू खरं काय लिहिलं होतंस?"

"बाळ."

"बाल. बाड. बार... ए, नाही येत!"

"जिभेचं टोक उलटं वळव, टाळूला लाव आणि सोडून दे. बघू?"

खूप वेळ दोघी समोरासमोर जीभ वळवत बसल्या होत्या. मग वल्लरीने मला उघडलं. प्रत्येक ठिकाणी विचारलं, "आजी, हे बदलू? अक्षर एवढं बास? घंटी जुनीच ना?" मराठी कीबोर्ड परत आला, सुधारायची खोड बंद झाली. आजींनी पाळणा पुन्हा लिहिला आणि सगळ्यांना पाठवला.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा हलला. आजी डोळे मिटून गात होत्या. सगळ्यांच्या वर वल्लरीचा आवाज होता. तिचा ळ जरा जास्तच घोटलेला, गुळाच्या खड्यासारखा. मयुराने लेकीला छातीशी धरलं आणि रडत रडत हसली.

मित्रांनो, माझी बॅटरी आता दुपारीच मान टाकते. जाण्याआधी एवढंच मागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनचं अपडेट दाबून निघून जाऊ नका. काय कुठे गेलं ते दाखवायला जरा शेजारी बसा. आणि बसलाच आहात, तर एखादी ओवीही ऐकून घ्या.