मंगळावरच्या दगडाचा चेहरा

मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. ठाण्याच्या एका कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या मधुसरांनी मला विकत घेतलं, तेव्हा माझा पत्रा लखलखत होता. सुट्टीच्या दिवशी सर मला गावोगाव नेत आणि पांढऱ्या चादरीवर ग्रह-तारे दाखवत. लोक टाळ्या वाजवत. मला धन्य वाटे, मित्रांनो.

चौऱ्याऐंशी साली आम्ही डोंबिवलीजवळच्या खाडीकाठी एका कोळीवाड्यात गेलो. देवळासमोर चादर बांधली होती. सरांनी मंगळाची स्लाइड लावली. यानाने टिपलेले ते खडक मुद्दाम रचल्यासारखे दिसत होते आणि त्यांतला एक तर थेट माणसाचा चेहरा. डोळे, नाक, मिटलेलं तोंड.

“कुणी घडवलं असेल हे?” सर म्हणाले. तेवढ्यात भागीरथी उठली. तिचा मुलगा धाकू त्याच वर्षी होडीसकट खाडीत बेपत्ता झाला होता. प्रेत मिळालं नव्हतं.

“ह्यो माजा धाकू हाय!” चादरीवर हात फिरवत ती म्हणाली. “कोन बोलतं तो मेला? सर, जिता हाय ना तो?”

तो सावल्यांचा खेळ आहे, हे सरांना ठाऊक होतं. पण तिचा चेहरा पाहून त्यांचा धीर झाला नाही.

“असेलही, मावशी,” ते म्हणाले.

पुढचं मला धाकूच्या बायकोकडून, शेवंतीकडून कळलं. सासूने धाकूचं दिवसकार्य होऊ दिलं नाही. शेवंती तेव्हा ऐन विशीत. तिचा भाऊ नाथा आंबिवलीहून तिला न्यायला आला, त्याने चांगलं स्थळही पाहिलं होतं. भागीरथी दारात आडवी पडली. “नवरा जिता असताना दुसरं लगीन? सरांनी सांगितलंय!”

शेवंती सरांच्या घरी आली. “सर, मी सवाशीण का रांड, तेवढं सांगा.” सर माझं भिंग पुसत राहिले. ती पाटी उचलून मासळी विकायला निघून गेली.

अठ्ठ्याण्णव साली नव्या यानाने मंगळावरच्या त्याच जागेचे स्वच्छ फोटो पाठवले. सरांनी त्यांतल्या एकाची स्लाइड करून घेतली आणि मला उचलून तडक भागीरथीच्या घरी नेलं. मी भिंतीवर उजेड टाकला. भागीरथीला आता दिसत नव्हतं.

“काय हाय गो?” तिने सुनेला विचारलं.

शेवंती भिंतीजवळ गेली. “दगूड, आये. नुसता दगूड.”

भागीरथीने चाचपडत तिचा हात धरला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. “नाथाला सांगावा धाड. तुला घेऊन जाऊ दे.”

“नाथा गेल्या साली गेला, आये.”

सरांनी मला पुन्हा कधी लावलं नाही. माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, यंत्रं पुसून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण कुणी रडत काही विचारलं, तर खरं त्याच वेळी सांगा. माझ्या उजेडात त्या दिवशी सगळं दिसत होतं. सांगायचं तेवढं राहिलं.