यंदा आई ठाणेदार होणार होती

आमच्या घरात कचरा नावाची वस्तूच नव्हती. फुटका कंदील, वाकडी छत्री, डालड्याचा रिकामा डबा, उसवलेलं पोतं, यातलं काहीही फेकायला निघालं की बाबा ते माझ्या हातातून हिसकून घेत आणि म्हणत, "ठेव वं सुमती, याचं कायतरी बनते."

बनायचं ते सोंग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात पोरं लाकडी बैल सजवून नेतात आणि ठिकठिकाणी वेशभूषेच्या स्पर्धा होतात. जुन्या शुक्रवारीतल्या आमच्या मंडळाचे सेक्रेटरी खुद्द आमचे बाबा, मनोहरराव. त्यांनी स्पर्धेला वयाची अटच ठेवली नव्हती, कारण भाग घ्यायची सगळ्यात जास्त हौस त्यांनाच. लोकांच्या घरी श्रावणात सत्यनारायण होई, आमच्याकडे लई, म्हणजे कागद चिकटवायची पिठाची खळ, शिजे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही म्हणतात. बाबा पैशाचं सोडून बाकी सगळी आणत. बाजारातून एक टाचणीसुद्धा विकत आणायची नाही, हा त्यांचा नियम.

एका वर्षी ते टपालपेटी झाले होते. एका म्हाताऱ्यानं त्यांच्या तोंडात खरंच पोस्टकार्ड टाकलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाताना बाबांनी ते इमानदारीनं खऱ्या पेटीत टाकलं, अर्थात आधी वाचून.

आणि या सगळ्यात आई कुठे? आई मांडवाच्या मागे, तोंडात सुया धरून. बाबा कल्पना काढत आणि आई ती शिवत असे. टाळ्या मात्र बाबांना, कधी मला, कधी माझ्या भावाला, ओमप्रकाशला.

चौऱ्याहत्तर साली श्रावण लागला तशी आई लई ढवळता ढवळता म्हणाली, "यंदा मीबी बनतो."

"काय बनतं?" बाबांनी विचारलं.

"ठाणेदार."

बाबा हसायला लागले. आई हसली नाही. "मी लहान होतो तवा कळमेश्वरले आमच्या गल्लीत ठाणेदार आला का सारे ताडकन उभे राहत," ती म्हणाली. "माह्यासाठी आजवर कोणी उभं राहिलं नाई. एक खेप पाहतो कसं वाटते ते."

बाबांचं हसू जागच्या जागी विरलं. खरं होतं ते. आमच्या घरात उभं राहायचं काम आईचंच होतं. विशेषतः बाबांची थोरली बहीण, जिजाआत्या, कन्हानहून आली की आई चुलीवरचं दूध उतू गेलं तरी डोक्यावर पदर घेऊन आधी उभी राही. पंधरा वर्षांत आत्यासमोर तिनं "हो बाई" आणि "नाही बाई" यापलीकडे एक शब्द काढला नव्हता.

तीन आठवडे आई त्या सोंगावर खपली. पोत्याला चहाच्या पाण्यात बुडवून खाकी केलं. पालथ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, कागदाचे थर लईनं चिकटवून टोपी केली. डालड्याच्या पत्र्याचे बिल्ले कापले. मिशा तर काय झकास झाल्या होत्या! सुंभाच्या, काजळ फासलेल्या, टोकाला पीळ दिलेल्या. मिशा लावून आईनं आरशात पाहिलं आणि ओमप्रकाशला दरडावलं, "नाव काय रे तुया?" त्या घाबरटानं खरंच नाव सांगितलं. मग तिनं सगळं एका फाटक्या पोत्यात बांधून मागच्या दाराशी ठेवलं. आमचंच नशीब.

पोळ्याच्या दिवशी आत्या आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघाली. त्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या राक्षसिणीच्या पुतळ्याची, मोठी मिरवणूक निघते आणि गल्लोगल्लीची पोरं कागदा-चिंध्यांचे पुतळे, म्हणजे बडगे, करतात. त्यांच्याबरोबर घरातली पीडा जावी म्हणून बायका जुनंपानं, तुटकंफुटकं बाहेर देऊन टाकतात. गावाबाहेर नेऊन बडग्या जाळला की पीडा गेली.

आमच्या गल्लीचा बडग्या महागाईचा होता. त्याची हातगाडी दाराशी आली तेव्हा आई न्हाणीत होती आणि बाबा मांडवात. आत्या उठली, घरभर नजर फिरवली आणि मागच्या दाराशी तिला एक मळकं, फाटकं पोतं दिसलं. आत चिंध्या, सुंभ, पत्रा. अशा घरात सून नांदते तरी कशी, असं पुटपुटत तिनं ते उचललं आणि "ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" असं ओरडून थेट गाडीत भिरकावलं.

आई केस पुसत दारात आली तेव्हा गाडी कोपऱ्यावर पोचली होती. बडग्याच्या डोक्यावर तिची टोपी होती आणि ओठांवर तिच्या मिशा.

मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. बाबा गाडीमागे धावले. तासाभरानं परतले ते घामाघूम, हातात रस्त्यात पडलेलं मिशीचं एक टोक. "गर्दीत घुसताच नाई आलं. पण टोपी काय जमली होती, कौशल्या! चौकातल्या शिपायानं सलाम ठोकला त्या बडग्याले!" हे ते मोठ्या कौतुकानं सांगायला गेले आणि मग त्यांना आईचा चेहरा दिसला.

"कचराच होता ना गा तो?" आत्या म्हणाली. "मले काय मालूम!"

आणि लाज वाटते कबूल करायला, पण आत्याचं चुकलं कुठे? तो कचराच होता. ज्या घरात कचरा आणि कला एकाच पोत्यात राहतात, तिथे परक्या माणसानं ओळखायचं कसं?

"पुढच्या वर्षी बनजो," बाबा चाचरत म्हणाले.  आईनं चहा ठेवला आणि सगळ्यात आधी आत्याला नेऊन दिला. आत्यानं घोट घेतला आणि म्हणाली, "काहून वं, साखर टाकली का नुसती दाखवून आणली?" मला त्या क्षणी आत्याचा इतका राग आला की बडग्याबरोबर आणखी काय काय पाठवता आलं असतं, ते माझ्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी मांडव भरला. आत्या पहिल्या रांगेत, खुर्चीवर, काठी धरून. बाबा पाण्याची हापसी झाले होते, ओमप्रकाश बादली. मी हापसीवरची रांग: खांद्यावर आडवा बांबू आणि त्याला टांगलेली चार मडक्यांची डोकी. रांगेत भांडण लागावं तशी ती एकमेकांवर आपटत होती. सुया घेऊन आई मागे असेल असं मी धरून चालले होते. एक मडकं सुटलं, हाक मारली, तर मागे कोणीच नव्हतं.

आमचं झालं आणि मंचावर एक बाई चढली. हिरवं लुगडं, कमरेला तंबाखूची चंची, हातात कपडे वाळत घालायची काठी. उजवा गुडघा धरून, दर दोन पावलांना "रामा रामा" करत ती मधोमध आली. लुगडं आत्याचं होतं, सकाळीच दोरीवर वाळत घातलेलं. आत आई होती.

तिनं मांडवावरून सावकाश नजर फिरवली आणि नाक मुरडलं.

"काहून वं कौशल्या," ती आत्याच्या आवाजात म्हणाली, "साखर टाकली का नुसती दाखवून आणली?"

मांडवात खसखस पिकली. आई थांबली नाही. "मनोहर, काय वाळून राहिला गा तू! खाऊ घालते का नाई हे? आज भाजी बरी झाली. कोणं केली, शेजारणीनं? हा लेक कोणावर गेला वं? आमच्यात इतकं चपटं नाक कोणाचं नाई!"

पंधरा वर्षांचं साचलेलं होतं ते, आणि एकही वाक्य तिचं स्वतःचं नव्हतं. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. बाबा हापसीच्या आत थिजले होते. मी हसतही होते आणि भीतीनं माझी चारही मडकी थरथरत होती.

परीक्षक म्हणून बसलेले रिटायर हेडमास्तर बापूजी डोळे पुसत म्हणाले, "वा! खाष्ट सासू! हुबेहूब!"

तेवढ्यात जिजाआत्या उभी राहिली. 

"सासू नाई!" ती गरजली. "नणंद आहे मी!"

आणि गुडघा धरून, "रामा रामा" करत ती मंचाकडे निघाली. आई जशीच्या तशी उभी होती, पण आत्या समोर येताच तिचा हात सवयीनं पदराकडे गेला.

"पदर नोको घेऊ," आत्या खेकसली. "मी घेतो काय कोणासमोर?"

आईचा हात तसाच राहिला. आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चंची डावीकडची उजवीकडे खोचली. मग आईच्या हातातली काठी काढून फेकली आणि स्वतःची दिली. "इतकी मोडकी काठी घेऊन मी फिरत नसतो. अन् साखरेचं बोलून झालं का थोबाड असं वाकडं ठेवाव लागते, लगेच सरळ नाई कराव." तिनं करून दाखवलं. आईनं केलं. आत्या म्हणाली, "आता आली जिजाबाई."

टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस मात्र बैलवाल्या एका चिमुकलीला गेलं. आईला उत्तेजनार्थ स्टीलचा पेला मिळाला.

घरी परतताना बाबा आणि आत्या पुढे होते. काठी आईकडेच राहिली होती, त्यामुळे आत्या बाबांच्या, म्हणजे हापसीच्या, दांड्याला धरून चालत होती. आई मागे माझ्याबरोबर. ती हळूच माझ्या कानाशी आली.

"उभी राहिली, पाहिलं?"

"आई, ते भांडाले उभी राहिली होती," मी म्हटलं.

"राहिली ना पण," आई म्हणाली, आणि आत्याची काठी टेकत ऐटीत पुढे चालायला लागली.