एकतीस तासांचा बुधवार

“परत चप्पल काढायची? या गारठ्यात एक दिवस बोटं गळून पडतील गं माझी,” ज्युलिया माझ्या कानाशी पुटपुटली.

“गप. महाराज बघतायत.”

“बघू दे. त्यांच्या पायात बघ, लोकरीचे मोजे आहेत.”

खरंच होते. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या विमा कंपनीच्या मशीनरूममध्ये एसी कायम अठरावर. आणि दर गुरुवारी अकरा वाजता तिथे तीस माणसं अनवाणी, हात जोडून मेनफ्रेमसमोर उभी. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा संगणक. सगळ्या शाखांच्या पॉलिसी त्याच्याच पोटात. त्याच्यासमोर यंत्रनाथ महाराज उदबत्ती ओवाळायचे. न पेटवलेली. पेटवली असती तर धुराचा भोंगा वाजून अख्खी इमारत रस्त्यावर आली असती. महाराजांचं दिव्यज्ञान तेवढ्यापुरतं पक्कं होतं.

“सीपीयू म्हणजे काय, भक्तहो? चित्त, प्राण, ऊर्जा! विकणारे हे सांगत नाहीत. ये मशीन नहीं है, माई है, माई!”

“माई की जय!” तीस गळे.

मग आमचे मॅनेजर प्रीतमसर महाराजांचा अंगठा धरून एंटरची कळ दाबायचे. याला ते बोहनी म्हणत. कळ दाबली की मशीनने आदल्या दिवशी किती काम केलं त्याची नोंद कामगिरीच्या डेटाबेसात जायची, आणि भिंतीवरच्या पडद्यावर आठवड्याचा आलेख उगवायचा. इतर खांब साधारण सारखे. बुधवारचा मात्र दुप्पट उंच. महाराज यायला लागल्यापासून दर आठवड्याला हेच.

“पण महाराज, तुम्ही तर गुरुवारी येता,” ज्युलियाने एकदा विचारलंच.

“बेटी, कृपा माझ्या आधी पोचते. मी मागून रिक्षाने येतो.”

लोक हसले, भारावलेसुद्धा. पण त्या गुरुवारी महाराज पुढे म्हणाले, “आता मनात विचारा, बुधवारी इथे कोण नसतं? कोणाचा हात लागला नाही, म्हणून माई फुलते?”

सगळ्यांनी खाली बघितलं. नाव कोणी घेतलं नाही. बुधवारी भीमराजची सुट्टी असायची.

भीमराज मागे, दाराशी उभा होता. बारा वर्षं या मशीनवरचा ऑपरेटर. पंख्याच्या आवाजावरून सांगायचा, कुठलं काम अडकलंय ते. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात प्रीतमसरांच्या सहीचं पत्र पडलं: एक तारखेपासून मुलुंडचं कागदाचं गोडाऊन. कारण, आरोग्य.

“बरं झालं रे, तिकडे झाडं आहेत,” कोणीतरी म्हणालं.

“हो ना. कागद झाडांचाच असतो,” भीमराज म्हणाला आणि परत पडद्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

मी तोंड उघडलं असतं तर शिवी आली असती. मी या कंपनीत टेपांच्या पेट्या उचलायला लागले होते; मशीनची भाषा मी रद्दीत टाकलेल्या मॅन्युअलांतून शिकले आणि अडले तिथे भीमराजने शिकवली. आज मी शिफ्टची प्रमुख होते, आणि तो गोडाऊनला निघाला होता. मला प्रीतमसरांना समजवायचं नव्हतं. चारचौघांत उघडं पाडायचं होतं.

बुधवारची नोंद उघडून बसले. पहिलीच ओळ दोनदा. वेळ तीच, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तीच. दुसरी ओळ, दोनदा. शेवटपर्यंत तसंच. मग डोक्यात उजेड पडला. ही नोंद रोज सकाळी सहाला आपोआप आत जाते. गुरुवारीही जाते. आणि अकराला महाराजांचा अंगठा तीच नोंद पुन्हा आत ढकलतो. डेटाबेस बिचारा दिलं ते गिळतो, हे आधी गिळलंय का ते बघत नाही. गुरुवारी आत जाते ती बुधवारची नोंद, म्हणून दुप्पट होतो तो बुधवार. कृपा रिक्षाच्या पुढे कशी धावते ते कळलं.

पण मग एका दिवसाचे एकतीस तास कोणाला खटकले कसे नाहीत? जुना रिपोर्ट शोधला. त्यात आलेखाशेजारी तासांचा रकाना होता. महाराजांच्या पहिल्याच गुरुवारनंतर तो काढलेला. खाली आदेश: ‘आकडे नकोत, फक्त आलेख. प्रीतम.’

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

पंधरा ओळींचा एक पहारेकरी प्रोग्राम लिहिला. नोंद दाराशी आली की तिची पहिली वेळ, शेवटची वेळ आणि मशीनचा क्रमांक बघायचा. तेच त्रिकूट यादीत असेल तर दारातूनच परत. चाचणी केली, चोख चालला. पण लगेच बसवला नाही. रकाना मात्र परत आणून ठेवला, झाकून. आणि बुधवारची सुट्टी मी घेतली, मशीनवर भीमराजला बसवलं.

“मीराताई, काय शिजतंय?” त्याने विचारलं.

“तू फक्त बारा तास मशीनला हात लावून बस.”

गुरुवारी मुख्य कार्यालयातून इरावतीबाई आल्या. दुप्पट कामाची कीर्ती तिथवर गेली होती. महाराजांना सगळ्या केंद्रांत न्यायचा विचार होता. प्रीतमसर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

“महाराज,” मी पदर सावरून म्हटलं, “आज मॅडम आल्यात. एकदा कळ दाबून कसं चालेल? पाचदा दाबा ना.”

“मीराताई, नको...” प्रीतमसर पुढे झाले.

“श्रद्धा आहे, थांबवू नका,” महाराज म्हणाले आणि पाचदा दाबली.

बुधवारचा खांब पडद्याच्या टोकाला जाऊन भिडला. “माई की जय!” मी रकाना उघडला. बुधवार: त्र्याण्णव तास.

“दिवसात किती तास असतात, महाराज?” मी विचारलं.

“माईचा काल वेगळा असतो, बेटी.”

“माईचा असेल. या प्रोसेसरचा नाही. साडेपंधरा तासांचं काम सकाळी एकदा आत गेलं आणि तुमच्या अंगठ्याने पाचदा. साडेपंधरा गुणिले सहा. एरवी एकदाच दाबता, म्हणून एकतीस.” मी जुळ्या ओळी पडद्यावर आणल्या, मग प्रीतमसरांचा आदेश. तो जरा मोठ्या अक्षरात. “आणि ज्याला मुलुंडच्या गोडाऊनला धाडताय, तो भीमराजच काल दिवसभर मशीनवर होता. कृपेला काही फरक पडला नाही.”

मग जास्तीच्या पाच नोंदी पुसल्या, पहारेकरी बसवला आणि महाराजांना म्हटलं, “आता दाबा.”

दाबली. पडद्यावर आलं: ‘हा दिवस आधीच जमा आहे. परत घेऊन जा.’

ज्युलिया एवढ्या मोठ्याने हसली की महाराजांनी मोजे सावरत नेटवर्कला दोष दिला आणि लिफ्ट गाठली.

“हसून सोडून देऊ नका,” मी सगळ्यांना म्हटलं. “तीस जणांना बेरीज येते आपल्यात. एकानेही तीन महिन्यांत केली नाही. खांब उंच दिसला की आकडा मागा, आकडा मिळाला की घड्याळाशी ताडून बघा. त्याला ना व्रत लागतं, ना महाराज.”

प्रीतमसरांना घाम फुटला होता, अठरा अंशांत. मला तो घाम बघून फार बरं वाटलं, कबूल करते.

“तांत्रिक चूक झाली,” ते म्हणाले. “बदलीचा याच्याशी संबंध नाही.”

“मग यांना मुलुंडला का पाठवताय?” इरावतीबाईंनी विचारलं.

“आरोग्य... म्हणजे हवापालट...”

परत सगळ्यांनी खाली बघितलं. मीही. एवढं सगळं सिद्ध केलं होतं मी, पण तो एक शब्द एकतीस तासांच्या आड लपवूनच.

भीमराज दाराजवळून पुढे आला.

“मॅडम, माझी तब्येत ठणठणीत आहे. यांना माझी जात चालत नाही. एवढंच आहे ते.”