कानातल्या पाच सुया

तीस वर्षं ओठांत टाचण्या धरून कपडे शिवणारा माणूस सुईला घाबरतो, हे कुणाला पटेल? पण व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाई कानाला पाच बारीक सुया टोचायच्या म्हणाल्या आणि आमच्या टेलरमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, सुई कापडाला टोचायची असते!"

"इतकी वर्षं दारूने आतडी टोचून घेतलीत, तेव्हा नाही वाटलं काही?" बाई म्हणाल्या. मास्तरांनी गुपचूप कान पुढे केला.

हौसेने थोडेच आले होते ते! दारूने हात थरथरू लागले, एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही चार बोटं आखूड कापली गेली, आणि दुकानातल्या भागीदार थोरल्या बहिणीने कापायची कात्री कपाटात कोंडली. "हात थरथरायचे थांबेपर्यंत तू बटणं लावायची." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापणंच गेलं तर मास्तर म्हणून उरायचं काय?

डॉक्टरांनी बजावलं होतं : गोळ्या चुकवायच्या नाहीत, गटात बसून मोकळं बोलायचं. सुया ही वरची मदत, कुणाला मानवते, कुणाला नाही. रोज संध्याकाळी पाचला, म्हणजे नेमकं बाटली उघडायच्या वेळी, कानात सुया घेऊन पाऊण तास गप्प बसायचं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी घोळ घातला. बसल्या बसल्या डुलकी लागली आणि हाताने सवयीप्रमाणे कानातल्या सुया उपसून सदऱ्याच्या कॉलरला ओळीने टोचून ठेवल्या. बाई मोजायला येतात तर कानात एकही सुई नाही! सगळं केंद्र खुर्च्यांखाली रांगू लागलं, आणि मास्तरही त्यांच्यासोबत शोधताहेत. कॉलर दिसली तेव्हा हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मास्तरही हसले. शुद्धीत हसल्याला किती महिने झाले होते कोण जाणे.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस बाई आजारी पडल्या, सुया बंद. आणि त्याच दिवशी पाचच्या ठोक्याला दोरे-अस्तर विकणारा जुना दोस्त दुकानात टपकला, पिशवीत बाटली घेऊन.

"एकच घोट रे. कोण बघतंय?"

ताई बघत होती. आतल्या टेबलावर इस्त्री उभी करून ती दारात येऊन थांबली.

मास्तर खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले. केंद्रात बसायचे तसेच.

"अरे, झोपलास की काय?"

मास्तर हलले नाहीत. तलफ गळ्यापर्यंत आली, घामाने सदरा भिजला. पाऊण तास, फक्त पाऊण तास, असं ते मनात घोकत राहिले. दोस्त कंटाळला, शिव्या घालत निघून गेला. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा पावणेसहा झाले होते.

"ताई, जिंकलो! सुयांशिवाय जिंकलो गं!"

"सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली!"

तिने कपाट उघडून कात्री काढली आणि दुकानातलं सगळ्यात महागडं कापड टेबलावर पसरलं. मास्तरांनी खडूने आखलं, कात्री चालवली. हात म्हणून थरथरला नाही! ताईने टेप लावून दोनदा मोजलं.

"बरंय," ती म्हणाली. तिचं बरंय म्हणजे दुसऱ्याची वाहवा.

मग तिने चपला घातल्या. "मी जरा बाहेर जाऊन येते."

तीन महिन्यांत तिने त्यांना दुकानात पाच मिनिटंही एकटं सोडलं नव्हतं.

"कधी येशील?"

"उशीर होईल," असं म्हणून ती मागे वळूनही न बघता गेली.