बसून बघायचे फोटो

"हे काढून टाकू," फोटोवाले म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे पाठच केली. "टेबलावर हनुवटी टेकवून काढलेत फोटो. ताट वरून घ्यायचं असतं, एवढंही कुणी सांगितलं नाही वाटतं यांना."

संपादकबाईंनी मान डोलावली. "चला, एक कमी झालं. ताई, तुमचं काय?"

ताई म्हणजे मी. आणि माझं मौन होतं.

रोज दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. सासूबाई मोठ्या दुखण्यातून उठल्या, तेव्हा देवापुढे बसून हा नेम धरला. आता त्या मला दटावण्याइतक्या ठणठणीत आहेत, पण नेम सुटला नाही. आमचे हे म्हणतात, "नवस तू केलास, फळ मला मिळालं. अर्धा दिवस घरात शांतता." पुस्तकांची पानं लावणं हे माझं काम. त्याला तोंड लागत नाही. खाद्यपदार्थांच्या ब्लॉगांची ही स्पर्धा मात्र परीक्षकांच्या चर्चेवर चालते. चवीला इथे गुण नाहीत. ब्लॉग दिसतो कसा, वाचता येतो कसा, एवढंच बघायचं. कुणाचा आहे तेही आम्हाला सांगत नाहीत. बैठक नेहमी दुपारी असते. यंदा फोटोवाल्यांना दुपारी दुसरीकडे जायचं होतं, म्हणून सकाळी बोलावलं. माझ्या मौनाचं कळवलं, तर ते हसून म्हणाले, "छान. म्हणजे भांडण दोघांतच."

पडद्यावर जो ब्लॉग होता, तो मला मनापासून आवडला होता. सगळे ब्लॉग मी घरी ओट्यावर मोबाइल ठेवून, पिठाच्या हातांनी बघितले होते. बहुतेकांत पाकळ्या, लाकडी फळी, मुद्दाम चुरगळलेला रुमाल, आणि त्या गर्दीत पदार्थ नवख्या पाहुण्यासारखा अवघडून बसलेला. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं. साहित्याची यादी गाठेपर्यंत जाहिरातींशी धक्काबुक्की. ह्या ब्लॉगात अक्षरं ठसठशीत होती, आणि कृती वाचताना साहित्याची यादी शेजारीच थांबून राहत होती. डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड, एकच टेबल, आणि सगळे फोटो एकाच उंचीवरून. त्यात सुपाची वाफ वर जाताना दिसत होती, पावाची जाडी दिसत होती. वरून काढलेल्या फोटोत सगळंच पोळीसारखं चपटं होतं.

पण हे सांगायला तोंड हवं. मी कागदावर लिहिलं, "ठेवावा." फोटोवाल्यांनी तो वाचून बाईंकडे सरकवला. "का ठेवावा? वर आणखी निबंध लिहू नका हं ताई, मला जायचंय." बाईंचं बोट बटणावर होतं. एकदा काढलेला ब्लॉग पुन्हा घेता येत नाही, असा नियम.

एक वाक्य बोलले असते तर देव रागावला नसता, हे मला ठाऊक आहे. पण उद्या आणखी एका वाक्याला निमित्त सापडलं असतं, हेही ठाऊक आहे.

मी उठले. बाईंचा हात हलकेच बाजूला केला, भिंतीवरच्या पडद्याची वायर काढली आणि लॅपटॉप टेबलाच्या कडेशी आणून ठेवला, जेवणारा बसतो तिथे. खुर्ची ओढली. फोटोवाल्यांची बाही धरली.

"अहो ताई, हे काय? सकाळपासून एक शब्द नाही आणि आता ओढाओढी?"

"बसा हो," बाई हसू दाबत म्हणाल्या. "घरी बायकोनं सांगितलं की बसताच ना?"

ते बसले. मी सुपाचा फोटो उघडला आणि त्यांच्या चहाच्या बशीतला चमचा उचलून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला.

ते बघत राहिले. मग खाली सरकवत गेले. भाजलेला भोपळा आला, पाव आला. त्यांचा हात चमच्यावर कधी गेला ते त्यांनाही कळलं नसावं.

"समोर आणून ठेवल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "गरम आहे, सांभाळून, असं कुणीतरी आत्ता म्हणेल." मग त्यांनी गेल्या वर्षीच्या विजेत्याचा ब्लॉग उघडला, पाकळ्यांचा. तोही तसाच बसून बघितला आणि बंद केला. "हे म्हणजे छताला लटकून जेवायचं. बाई, जन्मभर मी स्टुलावर चढून ताटं टिपली. जेवायला मात्र कधी स्टुलावर चढलो नाही."

"मग हा काढायचा ना?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

"पहिला आहे तो. लिहा." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही बोलत नाही तेच बरंय. बोललात तर आमचं काही खरं नाही."

बाहेर पडले तेव्हा बारा वाजून गेले होते, तरी घरी पोचेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. आतल्या आत मात्र गात होते.

बक्षीस समारंभही सकाळीच होता. विजेतं जोडपं आलं. नवरा चाकांची खुर्ची ढकलत होता, खुर्चीत बायको. फोटोवाले पुढे होऊन नवऱ्याचा हात हलवायला लागले. "फोटो फारच सुंदर हो तुमचे."

"माझे कसले? मी फक्त रांधतो," तो म्हणाला. "फोटो हिचे, मांडणीही हिचीच."

तिच्या खुर्चीच्या हाताला कॅमेरा अडकवलेला होता. फोटोवाल्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग तिच्या डोळ्यांच्या उंचीकडे, आणि त्यांना सगळं उमगलं.

"ब्लॉगवर हे कुठंच लिहिलं नाहीत," ते म्हणाले. "लिहिलं असतंत तर..."

"तर तुम्ही सूप बघितलं नसतंत," ती म्हणाली. "खुर्ची बघितली असतीत."

आम्हा दोघांत मौन माझं, पण ह्या वेळी पाळलं फोटोवाल्यांनी.

मानचिन्ह दिलं, टाळ्या थांबता थांबेनात. मग फोटोवाल्यांनी आपला मोठा कॅमेरा उचलला आणि सवयीनं तिच्यावर रोखला.

"वरून नको हं," ती साध्या आवाजात म्हणाली. "वरून मला सगळेच बघतात."

फोटोवाल्यांनी आपल्या कडक इस्त्रीच्या पँटकडे एकदा बघितलं आणि भर सभागृहात गुडघे टेकले. तिनं मानचिन्ह नवऱ्याच्या हातात दिलं, मोकळे हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि समोर बघितलं.

"उजेड डावीकडून आहे," ती म्हणाली.

ते गुडघ्यांवरच थोडे सरकले.