दुसऱ्याची बाटली

क्षितिजला काय मिळणार होतं ते आधी मांडू: प्लांट मॅनेजरची खुर्ची, काचेची केबिन आणि सासुरवाडीत वाढलेला भाव. आड येत होती फक्त साखर. बढतीआधीच्या तपासणीत रक्त घेत नसत, पण लघवीतून ती दिसली असती. म्हणून महाळुंग्याच्या त्या कारखान्यात बरेच जण करत तेच त्यानं केलं. दुसऱ्याची बाटली दिली.

ती दिली कंत्राटी वेल्डर रिझवाननं. निर्व्यसनी, धडधाकट गडी. "काही निघालं तर सांगा बरं का, साहेब," तो हसत म्हणाला.

निघालं! कंपनीच्या डॉक्टर मृदुलाताईंनी क्षितिजला समोर बसवलं. लघवीत प्रथिनं आणि रक्त जातंय, मूत्रपिंडाला सूज असावी, म्हणाल्या. या आजारात पुढचं बरंचसं आधी ताडता येतं. प्रथिनं अशीच जात राहिली तर मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका मोठा. वेळेत औषधं सुरू केली तर ते टिकण्याची आशाही मोठी. क्षितिजनं मान डोलावली, दगदगीचं कारण देऊन फेरतपासणी मागितली आणि आणखी कुणाची तरी बाटली नेली. रिझवानला सांगितलं, "एकदम क्लीन." खुर्ची मिळाली.

दिवाळीपर्यंत रिझवानचे पाय सेफ्टी शूजमध्ये मावेनात. ओव्हरटाइमनं होतंय, असं तो सांगत फिरे. क्षितिज ते रोज पाहत होता. शेवटी बायकोजवळ बोलला, आणि वर म्हणाला, आता सांगितलं तर माझी बढती जाईल.

ऋता थंडपणे म्हणाली, "तुझी साखर तू लपव, ती तुझी आहे. त्याचा आजार लपवायचा हक्क तुला कुणी दिला? डॉक्टरांनी त्याच्या हातात वेळ दिला होता. तो तू खाल्लास."

क्षितिज भोसरीला रिझवानच्या खोलीवर गेला आणि सगळं कबूल केलं.

"मी विचारलं होतं ना, साहेब," रिझवान एवढंच म्हणाला.

क्षितिजनं त्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, कंपनीला खरं लिहून दिलं. कंपनीनं क्षितिजला समज देऊन जुन्या जागी बसवलं. रिझवानला, बाटली दिली म्हणून, घरी पाठवलं!

मंडळी, आजार कळला की काम जातं, म्हणूनच बाटल्या फिरतात. तपासणी माणूस वाचवण्यासाठी असते, गाळण्यासाठी नव्हे. आणि ज्याचा अहवाल, त्यालाच तो कळला पाहिजे.

आता बेरीज. क्षितिजची केबिन गेली, पगार राहिला. कंपनीचं काहीच गेलं नाही. रिझवानच्या मूत्रपिंडांची निम्मी ताकद गेली, आणि उरलेली टिकवायला लागणारी नोकरीही.